काकीच्या आगळाची पन्नाशी

आमच्या बांबरवाडीत कुणी "तुझी पन्नाशी किती?" असं विचारलं तर रागवायचं नसतं. विचारणाऱ्याचं लक्ष तुमच्या हातातल्या बाटलीकडे असतं, तुमच्या पांढऱ्या केसांकडे नव्हे. पन्नाशी हा शब्द आता दुकानात, एसटीत, देवळाच्या पायरीवर सगळीकडे ऐकू येतो, आणि दहातले नऊ जण तो चुकीचा वापरतात. मला मात्र त्याचा अर्थ अगदी नीट माहीत होता. निदान मे महिन्यात मला तसं वाटत होतं.

आधी गंजपट्टी सांगते, मग पन्नाशी. उन्हाळे कडक व्हायला लागले तेव्हा उन्हात काम करणाऱ्यांना मनगटावर चिकटवायला बोटभर रुंदीची पट्टी मिळाली. तापलेल्या शरीरात काही आडदांड रेणू तयार होतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो मिळवण्यासाठी ते शेजारपाजारच्या पेशींना ओरबाडत सुटतात. लोखंड गंजतं तसाच हा प्रकार, म्हणून गंजपट्टी. पट्टी पांढरी असेल तर आपण बरे. तपकिरी झाली तर असं काही तरी प्यायचं, जे आपल्याकडचा इलेक्ट्रॉन देऊन त्या रेणूंना गप्प बसवेल. चहा, आवळा, जांभूळ, आणि आमच्याकडचं कोकम. सुरुवातीला पट्टी फक्त मजुरांच्या हातावर होती. दोन वर्षांत ती नवरीच्या हातावरही बांगड्यांच्या शेजारी दिसायला लागली.

पण कुठलं पेय किती प्यायचं? तिथे पन्नाशी लागते.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आहे. त्याला सगळे जांभळी म्हणतात, कारण त्यात गडद जांभळं द्रावण असतं. तो जांभळा रंग म्हणजे त्या आडदांड रेणूंचा माणसाळलेला भाऊ समजा. इलेक्ट्रॉन मिळाला की तो रंग सोडतो आणि फिका पिवळा होतो. आपण नमुना पाण्यासारख्या पातळपासून दाटपर्यंत आठ नळ्यांत तयार करायचा, प्रत्येकीत सारखंच जांभळं घालायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं आणि कुठल्या नळीत किती टक्के जांभळं उडालं ते बघायचं. त्याचा आलेख काढला की वर चढत जाणारी वळणदार रेघ मिळते. ती जिथे बरोबर पन्नास टक्क्यांवर येते तिथून सरळ खाली उतरायचं. पायाशी भेटेल तो आकडा म्हणजे पन्नाशी! एक मिलिलिटरमध्ये किती मायक्रोग्रॅम माल घातला तेव्हा अर्धं जांभळं उडालं, एवढंच तो सांगतो.

म्हणजे आकडा जितका लहान तितका माल जोरदार. थोडक्यात काम भागलं ना!

"मगे नापास तो पयलो?" आमच्या बचत गटातल्या विजूमावशीने विचारलं होतं.

"मावशी, धावण्याच्या शर्यतीसारखं समज. कमी वेळ लागला तो पहिला."

"माका कित्याक धावडवतंस ह्या वयात?"

मी बचत गटातल्या सगळ्या बायकांना हे समजावलं, कारण जांभळीचा परवाना माझ्याकडे होता. पंधराव्या वर्षी! तालुक्यातली सगळ्यात लहान परीक्षक, उर्वी राऊळ. घोगळे सर विज्ञान शिकवतात आणि यंत्राची जबाबदारी त्यांच्याकडे आहे, पण नमुने घेणं, आकडे काढणं, बाटलीचा कोड छापणं हे सगळं मी करायचे. आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मुलगी मीच होते हे मला आता खरं वाटत नाही.

गटात सात बायका. माझी आई अध्यक्षा. दर मे महिन्यात गटाच्या शेडमध्ये सातही घरांचे रातांबे येतात. रातांबा म्हणजे कोकमाचं लालबुंद फळ. ते फोडून मिठात ठेवलं की जो दाट रस सुटतो तो आगळ. हात कोपरापर्यंत लाल, तोंडं सुरू, आणि मध्यभागी बसलेली शालनकाकी. काकी आमच्या शेजारी राहते. काका गेले, लेक बेळगावला. वर्षभर तिच्या घरात रेडिओ बोलतो, मे महिन्यात शेडमध्ये काकी बोलते. कुणाच्या सुनेने पोळीत काय लपवलं, कुठल्या मास्तरांची टोपी माडावर कशी गेली, ऐकून बायकांच्या हातातले रातांबे निसटायचे.

या वर्षी पहिल्यांदाच गटाच्या बाटलीवर पन्नाशी छापायची होती. तीनशेच्या वर आकडा गेला तर तो माल गटात घ्यायचा नाही असा ठराव झाला होता.

मी फार काळजीपूर्वक काम केलं, हे मी आजही सांगेन. कोकम मुळात लाल. यंत्राच्या डोळ्याला तो लाल रंग उरलेल्या जांभळ्यासारखाच वाटतो, आणि चांगला माल फुकट बदनाम होतो. म्हणून जांभळं न घालता नुसत्या आगळाचंही मोजमाप घ्यायचं आणि तेवढा लाल वजा करायचा. मी सातही नमुन्यांत तो वजा केला. सरांनी पाठ थोपटली. मी घरी उड्या मारत गेले.

फक्त एक रकाना होता. नमुना आत सरकवण्याआधी यंत्र विचारायचं, मीठ किती टक्के?

"काकी, मीठ किती घातलंस?"

"अंदाजान."

"अगं, पण म्हणजे किती?"

"अंदाजान म्हणजे अंदाजान, चेडवा. किती काय? हात सांगता."

रकान्यात फक्त आकडा चालत होता. मी गंमत म्हणून 'अंदाजाने' असं लिहून पाहिलं तर तो लाल झाला. विजूमावशीनेही अंदाजानच सांगितलं, आईनेही. मग मी रकाना तसाच सोडला, आणि सोडलेल्या रकान्याचा अर्थ यंत्राने शून्य असा घेतला. सातही जणींचं मीठ शून्य.

आईच्या आगळाची पन्नाशी १९२ आली. सगळ्यांत उत्तम. बाबांच्या ब्लडप्रेशरमुळे आईने मीठ अगदी चिमटीने घातलं होतं. बाकीच्या दोनशेसाठ-दोनशेऐंशीच्या आसपास, म्हणजे कशाबशा आत. शालनकाकीची ६४०.

मी तिच्या बाटलीवर कोड चिकटवला. काकीने बाटली लांब धरून आकडा वाचला.

"ह्या जास्त म्हणजे कमी, ना गो?"

"हो, काकी."

आई म्हणाली, "वैनी, मी काय करू? यंत्र सांगता ता खरां मानूक होया."

"बरां," काकी म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि ती घरी गेली. त्या मे महिन्यात उरलेले अकरा दिवस शेडमध्ये फक्त रातांबे फुटण्याचा आवाज होता.

पुढचं मी केलेलं सगळ्यात वाईट. आईचं मीठ कमी आणि आकडा लहान, हे बायकांच्या लक्षात आलं. विजूमावशीने मीठ अर्ध्यावर आणलं, तिचाही आकडा उतरला. त्यांनी मला विचारलं, असं का? 'माहीत नाही' म्हणणं हा एक पर्याय होता. पण मी तेव्हा परीक्षक होते ना! मी खडूने शेडच्या भिंतीवर सोडियमचा अणू काढला आणि मीठ कोकमाची ताकद कसं शोषून घेतं यावर पंधरा मिनिटं बोलले. सगळं डोक्यातून काढलेलं. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळपासून गटाचं सगळं आगळ आईच्या पद्धतीने, चिमटीभर मिठात व्हायला लागलं.

काकी मला अजूनही हाक मारून सोलकढी द्यायची. फक्त बाटली पुढे करताना कोडाच्या जागेवर अंगठा ठेवायची.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी बाबूलकाका शाळेत आले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि अजूनही खांब दिसला की वर बघतात. प्रयोगशाळेत शिरले ते थेट नळाखाली ओंजळ धरून उभे राहिले.

"काका, काय झालं?"

"थांब, पिवंदे आदी." चौथ्या ओंजळीनंतर ते वळले. "काल ऊन पडलां म्हणान मांगरावर चडान कौलां शेकारलंय. पट्टी झाली तपकिरी. शालनवैनीन आगळाची बाटली दिलेली, फोनार तिचो कोड दाखवलंय. फोन म्हणता, चार पेले घे."

"चार?"

"तुज्या आईच्या आगळाचो एक, तिच्याचो चार. पन्नाशी तिपटीच्या वर, म्हणून पेले चार. पिलंय बापडो! पट्टी झाली पांढरी फटक, पण घशात दर्या गेलो माज्या. गो बाय, ह्या औषध की मिठागर?"

ते हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला तो रिकामा रकाना आठवला.

जांभळी नमुन्याचा एक थेंब आधी पूर्ण वाळवते. उरलेला कोरडा माल तोलते. त्या वजनावरून आठ नळ्यांचं प्रमाण ठरवते. पन्नाशी म्हणजे इतके मायक्रोग्रॅम माल, पण कशाचा माल? मी रकान्यात मीठ सांगितलंच नव्हतं, त्यामुळे वाळलेलं सगळंच यंत्राच्या हिशेबी कोकम होतं. मीठ कुणालाच इलेक्ट्रॉन देत नाही. ते नुसतं वजन वाढवून बसलं होतं, आणि काकीचं कोकम त्याच्याखाली दबून गेलं होतं. मीठ ताकद शोषत वगैरे काही नव्हतं. भिंतीवरचा तो सोडियम माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत घोगळे सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग? आता काय करशील?"

"जाळते, सर."

"काय?"

"आगळ. वाळवून जाळते. कोकम जळून जाईल, मीठ मागे राहील."

"हां. मला वाटलं परवाना."

काकीच्या आगळाचा कोरडा माल मी हजार मिलिग्रॅम घेतला. चिनी मातीच्या मुशीत आधी काळा धूर झाला, करपलेल्या साखरेचा वास सुटला, आणि बऱ्याच वेळाने तळाशी मळकट पांढरं काही तरी उरलं. तोललं तर साडेसातशे. म्हणजे हजारातलं कोकम फक्त अडीचशे, पाव हिस्सा. ६४० चा पाव म्हणजे १६०.

आईच्या नमुन्यात सव्वाशे मीठ उरलं. १९२ चे झाले १६८.

मी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि वही सरांपुढे सरकवली.

"सर, काकी पहिली आहे."

"छे. एवढा फरक मोजण्यातच येतो-जातो. तीन वेळा केलंस तर एकदा ही पुढे, एकदा ती. दोघी सारख्याच धर. पण उर्वी, दुरुस्तीचा अर्ज मी पाठवला की तुझा परवाना जानेवारीपर्यंत बंद होईल. नियमच आहे. डिसेंबरच्या विज्ञान संमेलनात तुझं प्रात्यक्षिक आहे, तेही जाईल."

"आणि नाही पाठवला तर?"

"तर ६४० तसाच राहील."

रविवारी गटाची बैठक होती. नावांची यादी तीन वर्षांसाठी पक्की होऊन वर जाणार होती. काकीचा माल नापास, म्हणून तिचं नाव त्यात नव्हतं, आणि यादीत नाव नाही तर तीन वर्षं शेडमध्ये रातांबे आणता येत नाहीत. काकी एकसष्ट वर्षांची आहे. तीन मे महिने रेडिओबरोबर.

अर्ज मी शुक्रवारी लिहिला. खरं सांगायचं तर दोनदा फाडला आणि तिसऱ्यांदा पाठवायला दिला.

आईला सांगणं त्याहून कठीण होतं. शनिवारी दुपारी ती विळीवर नारळ खवत होती. मी पाटाशेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. खवणीचा आवाज थांबला नाही.

"म्हणजे सगळ्यांचो माल परत तपासूक होयो."

"हो."

"आणि तुजो परवानो?"

"बंद. जानेवारीपर्यंत."

"आणि माजो आकडो?"

"एकशे अडुसष्ट. सुधारला तुझा."

"शालनवैनीचो?"

"एकशे साठ."

आवाज थांबला. "म्हणजे माज्यापेक्षा..."

"कमी. म्हणजे जास्त."

"माका म्हायत आसा ता! इतक्या वेळा सांगितलंस मां!" ती ओरडली. करवंटीत उरलेलं खोबरं तिने उगाचच पुन्हा खवलं. "यंत्र सांगता ता खरां, ह्या मीच बोललंय तिका. सगळ्यांदेखत."

"चूक माझी होती, आई."

"रकानो तुजो. बोलणां माजां."

रविवारी तीन वाजता शेडमध्ये सहा बायका चटईवर बसल्या होत्या. मी उभी राहिले. मे महिन्यात याच भिंतीपाशी बोलताना मला शब्द कमी पडले नव्हते, आज पहिलंच वाक्य दोनदा अडलं. पण सांगितलं. रकाना, शून्य, वाळवलेला थेंब, मूस, १६०. आणि सोडियमचं सगळं खोटं होतं, हेही सांगितलं.

मग विजूमावशी म्हणाली, "म्हणजे मीठ ताकद खाणा नाय?"

"नाही, मावशी."

"मगे आमी मीठ कित्याक काढलाव?"

"माझ्यामुळे."

"गो बाये माजे." विजूमावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "तरीच. काल माज्या डब्याचा झाकाण आपसूक उडाला. माका वाटला मांजर."

सगळ्या उठल्या. शेडच्या मागच्या खोलीत आगळाचे चौदा मोठे डबे ओळीने होते. तीन डब्यांवर पांढरी साय धरली होती आणि कडेने बुडबुडे येत होते. एक झाकण तिरकं झालं होतं. कोकमाच्या वासात ताडीसारखा वास मिसळला होता. मीठ हे फक्त चवीला नव्हतं, तेच तर आगळ टिकवत होतं. हे माझ्याशिवाय प्रत्येकीला लहानपणापासून माहीत होतं, आणि माझं ऐकून प्रत्येकीने ते बाजूला ठेवलं होतं.

"आता ओरडा मला," मी म्हणाले.

"ओरडान डबे सुदारतले?" विजूमावशी म्हणाली. "टाळ्यो आमीच वाजवलाव मां."

आईने यादीचा कागद भिंतीला टेकवून धरला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि सहा नावांच्या खाली सातवं लिहिलं. मग कागद घडी करून म्हणाली, "चल. तू पण."

शालनकाकी घरापुढच्या खळ्यात सुपारी सोलत बसली होती. आई पायरीपाशीच उभी राहिली.

"वैनी, तुमचा नाव लिवलंय यादीत."

"माका न विचारता?"

"आता विचारतंय." आई एक पायरी चढली. "मे महिन्यात पण विचारूक होया होता. मीठ किती, कसा, कित्याक. विचारलंय नाय. यंत्रार सोडलंय. माजा चुकला."

"माझंही, काकी," मी म्हणाले. "तुझी पन्नाशी १६० आहे. मी मीठ शून्य धरलं होतं."

काकीने सुपारी खाली ठेवली. "माज्या आगळात मीठ शून्य?" तिला ते इतकं अशक्य वाटलं की ती रागावायचं विसरली. "गो, शून्य मीठ घातल्यार आगळ आठ दिवस तरी रवात?"

"नाही राहत," आई म्हणाली. "तीन डबे गेले."

"साय धरली?"

"हां."

"ते ओता. ढवळू नको, वाचवू नको, सरळ ओता. बाकीचे?"

"अकरा."

"वास?"

"अजून बरो आसा."

काकी उठली. आत जाऊन खडेमिठाची पिशवी घेऊन आली, ती आईच्या हातात दिली आणि पुढे चालायला लागली. आम्ही तिच्या मागून शेडकडे निघालो.

पहिल्या डब्याचं झाकण उघडून तिने आत बघितलं, बोटाने चव घेतली आणि पिशवीत हात घातला.

"काकी, थांब!" मी शाळेतून आणलेला तराजू पुढे धरला. "मूठ आधी ह्याच्यावर टाक. मला तोलायची आहे."

"आता माजी मूठ तपासतलंस?"

"शिकायची आहे."

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि मूठ तराजूवर सोडली. अठ्ठावन्न ग्रॅम. दुसरी सत्तावन्न. तिसरी अठ्ठावन्न. चौथीच्या वेळी विजूमावशीने तिला मुद्दाम सुनेविषयी विचारून बोलण्यात गुंतवलं, तरी अठ्ठावन्न. बायका तराजूभोवती गोळा झाल्या. मी प्रत्येक आकडा वहीत लिहीत होते, आणि काकी दर डब्याला चव घेऊन कुठे दहा मुठी, कुठे बारा असं सांगत होती, आणि अधूनमधून त्या सुनेचं पुढे काय झालं तेही.

"माझी तोल ना," मी म्हणाले आणि हात घातला. छत्तीस.

"जेव जरा बरां," काकी म्हणाली. "हाडांका मूठ येणा नाय."

सगळ्या हसल्या. आई मात्र तराजूकडेच बघत होती. मग तिने बाही वर सारली, पिशवीत हात घालून मूठ भरली आणि हळूच तराजूवर सोडली. चव्वेचाळीस.

काकीने आकडा वाचला, आईच्या हाताकडे बघितलं, परत आकडा वाचला.

"तरीच तुजो आकडो ल्हान," ती म्हणाली.

आणि आई मे महिन्यानंतर पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली.